बसायच्या जागा

बसमधली खिडकीची सीट

ती ताईंना दिली. ताई म्हणजे माझी नणंद. महिनाभरासाठी आल्यात आणि पायाला भिंगरी लावूनच आल्यात. शेजारची सीट माझ्या नवऱ्याने घेतली, कारण बहिणीला वाटेतलं सगळं दाखवायचं होतं. मी दांड्याला धरून उभी.

"तिला काही नाही रे, तिला सवय आहे," ताई म्हणाल्या.

खोटं नाही. मी वस्तुसंग्रहालयात राखणदार आहे. लोकांनी काचेला नाक लावू नये, भांड्यांना हात लावू नये म्हणून दिवसभर उभी असते. आमच्याकडे स्टूल देत नाहीत. स्टूल दिलं की माणूस झोपतो, असं मोठ्या साहेबांचं मत. ते स्वतः फिरत्या खुर्चीत झोपतात, त्यामुळे अनुभवाचे बोल आहेत.

मागच्या महिन्यात मी एका पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकले. बसले नाही, टेकले. साहेब नेमके तिथूनच जात होते. "पुन्हा अशा दिसलात, तर घरीच बसा," म्हणाले.

तेव्हापासून सगळी भिस्त आठवड्याच्या सुट्टीवर. एक दिवस पाय उशीवर ठेवून पडलं की बाकीचे दिवस निघतात. मागची सुट्टी किल्ल्यात गेली. त्याआधीची धबधब्यात. आज एका व्यापाऱ्याचं जुनं घर, त्याचं आता संग्रहालय केलंय. ते झालं की तळ्यावरचे पक्षी.

बागेतला बाक

हिरवागार, सावलीतला, रिकामा. आणि त्यावर पाटी: रंग ओला आहे.

मी बोट लावून बघितलं. खडखडीत वाळला होता.

"मग टेक की," नवरा म्हणाला.

"पाटी आहे."

"पाटी काय चावते?"

काय सांगणार? पाटी असताना बसले, तर उद्या मी लोकांना कुठल्या तोंडाने उठवू? ताई तोवर तिकिटं घेऊन दारात पोचल्या होत्या. "बाळ्या, चल रे! ऊन वाढतंय!" नवऱ्याचे केस पांढरे झालेत, पण ताईंचा तो अजून बाळ्याच.

जेवणाच्या दालनातल्या खुर्च्या

खुर्च्याच खुर्च्या. पाठीवर वेलबुट्टी, गादीला झालर. सगळ्यांच्या भोवती दोरी.

बैठकीचं दालन

इथली बैठक दुरुस्तीला नेली आहे. फरशीवर तिचे डाग तेवढे आहेत. पोटऱ्यांत गोळे.

निजायच्या दालनातलं स्टूल

ते राखणदार बाईंचं होतं. लाकडी, तीन पायांचं, वरून घासून गुळगुळीत झालेलं. मी पलंगाकडे बघायच्या ऐवजी त्याच्याकडेच बघत राहिले. ताई आणि नवरा पुढच्या दालनात गेले, तेही कळलं नाही.

कोणीतरी मला विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे?

"खाली, जिन्यामागे," मी सांगितलं. येताना पाटी पाहिली होती.

राखणदार बाई हसल्या. "कुठल्या संग्रहालयात?"

"कसं ओळखलंत?"

"कोपरा बघा ना कुठला धरलात. दोन्ही दारं दिसतायत. पाठ भिंतीला लागत नाही. आणि मघापासून एकदा ही टाच वर, एकदा ती. पाहुणी माणसं अशी उभी राहतात होय?"

मी खाली पाहिलं. उजवी टाच वर होती.

बाई जवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "बदलीचा माणूस सकाळपासून आलेला नाही. खाली जाऊन येते. बघाल एवढं? आता तुमच्यापासून काय लपवायचं."

आंधळा मागतो एक डोळा. मी मान हलवली. त्या गेल्या आणि मी स्टुलावर बसले.

आधी काहीच वाटलं नाही. मग तळव्यांतून काहीतरी उतरायला लागलं, ओल्या कपड्यातून पाणी निथळावं तसं. समोर पलंग, पलंगाशेजारी लाल मखमलीची आरामखुर्ची, पुढे दोरी. माणूस नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कसलंही दुःख झालेलं नव्हतं.

मखमलीची आरामखुर्ची

"बाळ्या, ही बघ! अस्सल आहे हां!"

ताई मागे फिरून आल्या होत्या. मी कोपऱ्यात होते, त्यांना दिसले नाही. एक पाय दोरीपलीकडे टाकून त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"हात लावू नका. दोरीच्या मागे या."

हा माझा कामावरचा आवाज. पोटातून येतो. तो मी घरी कधी आणला नव्हता, दारातच चपलांबरोबर काढून ठेवत असे. ताईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि त्या खरोखरच दोरीच्या मागे आल्या. मग त्यांनी मला पाहिलं.

"अगं, ताई आहे ती," नवरा म्हणाला.

"मखमलीला काय ठाऊक."

"आणि तू इथे काय करतेयस?"

"बसलेय."

आवाज अजून तापलेला होता. तेवढ्यात बोलून घेतलं. "तुम्ही दोघं तळं बघून या. मी येत नाही. पुढच्या सुट्टीलाही कुठे येणार नाही. माझे पाय संपलेत."

ताई स्टुलाकडे बघत होत्या. "मग आधी सांगायचं नाही का? मी बाळ्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हिला चालेल ना. तो म्हणाला, तिला हेच आवडतं, रोज तेच तर करते."

नवरा छताचं नक्षीकाम न्याहाळायला लागला.

"दम मात्र चांगला देतेस," ताई म्हणाल्या. रागावल्या होत्या की नाही, कळेना. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या मांडीवर ठेवली. "इथे खाल्लेली चालतात का?"

"नाही."

"मग खाऊ नकोस." वळून नवऱ्याला म्हणाल्या, "चल रे. आणि बसमध्ये तू उभा राहा."

पुन्हा तेच स्टूल

बाई परत आल्या तशी मी उठायला लागले.

"बसा हो, बसा. त्याला पाठ नाही, बसून बसून माझी कंबर गेलीय. मी राहते जरा उभी."

त्यांनी माझा कोपरा धरला. थोड्या वेळाने एक टाच वर केली. मी संत्री पदराखाली झाकली. उद्या सकाळी पुन्हा उभं राहायचंच होतं. दोघींनी मिळून दालन राखलं. बराच वेळ कोणी आलं नाही.