शिट्टी बंद झाली तेव्हा

ठकीचा बाबा सभा-समारंभांना स्पीकर लावायचा. स्पीकरने शिट्टी मारली की आवाज खाली घ्यायचा, हे त्याच्या बोटांना झोपेतही ठाऊक होतं. त्यामुळे लेकीच्या कानामागचं ऐकण्याचं यंत्र शिट्टी मारायला लागलं, तेव्हा त्याने कुणाला विचारलं नाही. नखाने त्याचं इवलंसं चाक फिरवलं. शिट्टी बंद.

"बघ, झालं की नाही? उगाच जीव टांगणीला लावून घेतेस," तो बायकोला म्हणाला.

तिचाही जीव भांड्यात पडला. यंत्र निवडताना याच माणसाने दुकान डोक्यावर घेतलं होतं. कानात दडणारं, कुणाला न दिसणारं घ्या, असा नातेवाइकांचा धोशा होता. "उद्या स्थळं बघायला येतील," मोठ्या नणंदेने म्हटलं होतं. पोर तेव्हा धड तीन वर्षांचीही नव्हती! "तुझ्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून पोरीच्या कानांचं वाटोळं करू का गं ताई?" असं बहिणीला ठणकावून त्याने कानामागचं, चांगलं जोरकस यंत्र घेतलं. असा बाप. त्याच्या हातावर ती शंका कशी घेणार?

शिट्टी पुन्हा आली की चाक पुन्हा थोडं खाली. कान तपासणाऱ्या बाईंनी दर तीन महिन्यांनी यायला बजावलं होतं. पण ठकी यंत्र ओढून काढत नव्हती, कुरकुरत नव्हती. मग कशाला जायचं? फक्त ती बोलत नव्हती. यंत्र नवं असताना 'आई' म्हणायला लागली होती, त्याचा हळूहळू नुसता 'आ' झाला. भाजी ढवळता ढवळता आई चमचा वर धरायची. "चमचा. म्हण बघू, चमचा." ठकी तिच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि आपले ओठ तसेच हलवायची. आवाज नाही.

शेवटी आई हट्टालाच पेटली. "अहो, सभा गेली खड्ड्यात. आज जायचं म्हणजे जायचं."

बाईंनी ठकीच्या कानात केसासारखी बारीक नळी सरकवली. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा उमटल्या. वरची, जेवढं ऐकू यायला हवं त्याची. खालची, जेवढं येत होतं त्याची. मधल्या जागेत आईचा अख्खा पंजा मावला असता.

"चाक कुणी फिरवलं?"

"मी. शिट्टी वाजत होती ना," बाबा जाणकाराच्या थाटात म्हणाला. "आमच्या धंद्यात रोजचंच आहे ते. आवाज खाली घेतला की जाते."

बाईंनी ठकीच्या कानात बसवलेला यंत्राचा मऊ साचा बोटाने हलवला. तो डुगडुगला. "दादा, लेकराचा कान वाढतो. साचा सैल पडला की फटीतून आवाज बाहेर येऊन परत यंत्रात शिरतो, म्हणून शिट्टी वाजते. तेव्हा नवा साचा करायचा असतो. आवाज कमी करायचा नसतो."

बाबाचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे तिला ऐकू..."

"जवळून ओरडलात तर कळत असेल. बोलणं नाही."

"कधीपासून?" आईने विचारलं.

"पहिली शिट्टी कधी वाजली, ते तुम्हीच आठवा."

थंडीत. तेव्हाचा स्वेटर आता ठकीच्या बेंबीपर्यंतही पुरत नव्हता.

"भरून निघेल ना हो?"

"थोडं निघेल. या वयातलं सगळं परत नाही मिळत, ताई. खोटं कशाला सांगू?"

त्या दिवशी कानात गुलाबी लगदा भरून नवं माप घेतलं. साचा तयार होऊन आला, तशी तिघं पुन्हा त्याच खोलीत बसली. साचा घट्ट बसला. बाईंनी नळी घालून पुन्हा मोजलं आणि खालची रेघ हळूहळू वर आणली. मग सहज आपली खुर्ची मागे सरकवली.

ठकी किंचाळली. खुर्चीला, खोकल्याला, पिशवीच्या चुरचुरीला, कशालाही दचकू लागली. आई हात पसरून पुढे झाली, पण ठकी तिच्याकडे गेली नाही. ती बाबाच्या मांडीवर चढली. त्याचा हात धरून तिने आपल्या कानामागे नेला आणि त्याचं बोट चाकावर ठेवलं.

"अगं, घे ना हिला," तो कसाबसा म्हणाला.

"ती तुमच्याकडे आलीय," आई म्हणाली. "तुम्हीच धरा."

त्याने मूठ आवळली. ठकी रडत रडत त्याचं एकेक बोट सोडवू लागली.