बाद उंदीर

उंदरांचे पाय शाईत बुडवायचे, त्यांना कागदावर चालवायचं आणि ठशांवरून त्यांची तुटलेली नस किती सुधारली ते मोजायचं, हे प्रयोगशाळेत ताईचं काम. पोटासाठी माणूस काय काय करतो! पण ताईला त्या ठशांचं भारी कौतुक होतं.

जखमी मज्जापेशीला मरायला लावणारा एक जीन असतो. प्रयोगशाळेच्या नव्या औषधाने तो कायमचा गप्प केला की पेशी जगते आणि नस पुन्हा वाढू लागते. आकडे इतके झकास आले की प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. माणसांवर चाचणी सुरू झाली आणि पहिल्याच तुकडीत ताईने धाकट्या भावाची वर्णी लावली. भाऊ सुतार. यंत्राच्या करवतीने मनगटाची नस कापली गेली, तेव्हापासून उजवा हात असून नसल्यासारखा. "तू म्हणतेस ना, मग झालं," म्हणून त्याने मुकाट्याने सुई टोचून घेतली.

प्रयोगशाळेत एक पद्धत होती. उंदराने स्वतःच्या पायाची बोटं कुरतडली की ठसा नीट उमटत नाही, म्हणून तो उंदीर बाद. तो मोजायचा नाही, मागच्या खोलीत ठेवून द्यायचा. ताई शिकली तेव्हापासून असंच चालत आलं होतं, आणि चालत आलेलं मोडायला कोण जातंय?

एका दुपारी भावाचा फोन आला. "ताई, बोट हललं गं!"

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"फक्त आग फार होते. निखारा धरल्यासारखी. चांगलंच लक्षण ना हे?"

"नस जागी होतेय रे."

"जागी कसली, अंगावर धावून येतेय! काल तर वाटलं, हा पंजाच नसता तर बरं." तो हसला. ताईला बोटं कुरतडणारे उंदीर आठवले.

ती तडक मागच्या खोलीत गेली. औषध दिलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यांना पिवळी चिठ्ठी असे. फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळ्याच चिठ्ठ्या होत्या. एक उंदीर मान खाली घालून आपला पाय खात होता, अगदी मन लावून. ज्यांना आग सोसवली तेवढेच तिने मोजले होते. बाकीचे तिने स्वतःच्या हाताने इथे आणून ठेवले होते.

"सर, हे उलटं फिरवता येईल?" तिने विचारलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कायमचं आहे, हेच तर आपण सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो."

ताई धावतपळत भावाच्या घरी पोचली. भावजय दारातच भेटली, चेहरा नुसता फुललेला. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? मघापासून करवत चालू आहे बघा! किती महिन्यांनी हा आवाज ऐकतेय."

ताई तिला बाजूला सारून आत शिरली. करवत गरगर फिरत होती. टेबलावर लाकूड नव्हतं. भुसा नव्हता. भाऊ अगदी जवळ उभा होता, डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलेला, घामाने निथळलेला.

"बरं झालं आलीस," पात्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "बंद कर गं ते. माझ्याच्याने बंद होत नाहीये."