चार काळ्या करडांतलं माझं

मित्रांनो, आमच्या दिनेशचं अंग वाढलं, अक्कल वाढायची तेवढी राहून गेली. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं माझं करडू उचलून नेलं आणि मला हुंगूसुद्धा दिलं नाही.

मी मोलगीच्या वरच्या पाड्यावरची म्हातारी शेळी आहे. सात वेळा व्याले. एक शिंग मोडकं आहे, तरी पाड्यावरचं कुत्रं माझ्या वाटेला जात नाही. दिनेशची आई मोतीबाई मला घरातली थोरली समजते. तिनं मला गुळाचा खडा आणि शिव्या दोन्ही सढळ हातानं दिल्या. तिची नात रिना संध्याकाळी ओट्यावर बसून धडे मोठ्यानं वाचते. बर्फावरच्या पेंग्विनचा धडा तर मोतीबाईनं तीनदा वाचायला लावला. हजारो पक्ष्यांच्या कलकलाटात त्यांची पिल्लं आईबापाच्या हाकेला ओ देतात म्हणे. मी रवंथ करत ऐकलं. म्हटलं, एवढ्यासाठी पुस्तक छापलं?

एका बाजाराच्या दिवशी दिनेश आणि मोतीबाईनं आम्हा मायलेकरांना लस टोचायला मोलगीत नेलं. तिथे दगा नावाचा व्यापारी आपल्या जीपमागे, विकत घेतलेल्या करडांवर पंपानं गोचिडाचं औषध मारत होता. फुकटात काम होतंय असं दिनेशला वाटलं. त्यानं माझं करडू त्या करडांत ढकललं आणि चहा प्यायला गेला. मी दोरीला हिसके दिले, ओरडले. ऐकतो कोण?

दिनेश परत आला तेव्हा तिथे चार काळी करडं होती, चारही ओली. माझं कोणतं, ते त्याला सांगता येईना.

"ह्या चारी मन्हाच शेतस," दगानं चारही आपलीच म्हणून सांगितली. त्याचा माणूस अजून बाजारात करडं घेत फिरत होता, त्यामुळे आपली किती झाली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अक्कलकुव्याला निघायची घाई मात्र होती.

बाजार करून परतलेली मोतीबाई माझी दोरी धरून पुढे आली. "शेळीला हुंगू दे. ती सांगेल."

मी पहिलं हुंगलं. कडू औषध. दुसरं हुंगलं. तेच. तिसरं माझ्या सडाला तोंड लावायला धावलं. माझ्या नाकात तोच परका वास भरला आणि मी त्याला मोडक्या शिंगानं ढकलून दिलं. चौथ्यालाही ढकललं.

"देखं माय, तुन्ही बकरीच नही म्हणी ऱ्हायनी," दगा हसला.

मोतीबाई हसली नाही. "औषध मारून नाक बंद केलंस तिचं. कान उघडे आहेत. करडं जीपच्या पलीकडे धर, दिसली नाही पाहिजेत. एकेकाला ओरडू दे. बर्फातला पक्षी लेकरू आवाजावरून ओळखतो, माझी शेळी काय त्याहून वेडी?"

"बरफना पक्षी मोलगीमा कथाईन उना?" असला पक्षी मोलगीत आला कुठून, हे दगाचं म्हणणं. पण माणसं जमली होती, म्हणून त्यानं मान डोलावली.

पलीकडे नेताना करडांचा क्रम मोडला होता. पहिलं करडू ओरडलं. माझं नव्हतं. दुसरं, माझं नव्हतं. तिसरं ओरडलं, तेही नाही. चौथं गप्प. कान पिळला तरी गप्प. मला कळलं, आईनंच ढकललेलं लेकरू ते, ओरडेल कुणासाठी?

ड्रायव्हरनं जीप चालू केली.

मग मीच हाक मारली. मोठ्यानं नाही. व्याल्यावर ओल्या लेकराला चाटताना घशातून निघते, ती बारीक हाक. इंजिनाच्या घरघरीत ती मलाच नीट ऐकू आली नाही. पुन्हा मारली. पलीकडून एक फाटका, रडवेला आवाज आला. माझाच. माझ्या पोटचाच. मी दोरी ओढून अशी उसळले की मोतीबाई गुडघ्यावर आली. "बंद कर गाडी," ती ड्रायव्हरवर ओरडली. करडू दगाच्या हातातून सुटलं, जीपखालून सरपटत आलं आणि ढुशा देत प्यायला लागलं. वास तोच होता, कडू. मी चाटून काढला.

दगा हात पुसत म्हणाला, "लई जाय माय. हाई तुन्हंच शे."

मित्रांनो, तुम्हाला आमचा रंग तेवढा दिसतो. पण आमच्यात ओळख जन्मल्या घडीला होते, वासानं आणि हाकेनं. ती पुसायला एक पंप पुरतो. आमच्यावर काही मारण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

मोतीबाई गुडघ्याची माती झटकत उठली. दिनेश चहाचा ग्लास हातात धरून तसाच उभा होता.

"दिनेश," ती म्हणाली, "सहा महिने तू शेळ्यांमागे रानात जाशील. हाकेवरून एकेक ओळखायला लागलास, की मग मालक म्हणव स्वतःला."