भिंतीवरचं व्हायोलिन

मित्रांनो, मला चेलो, म्हणजे ते उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, म्हणू नका. दिसायला तसा असलो, तरी मी एक जुना गार्दोन आहे. एकाच ओंडक्यातून पटाशीने मला कोरलं. माझ्या तारांवर गज फिरत नाही, त्यांना काठीने बडवतात. रोमानियाच्या डोंगरांतल्या आमच्या हंगेरियन जिमेश खोऱ्यात नवरा व्हायोलिन वाजवतो आणि बायको शेजारी बसून गार्दोनवर ठेका धरते. तशी रीतच आहे.

माझे मालक बेनेडेककाका, त्यांच्या व्हायोलिनवर मी चाळीस वर्षं जळत आलो. त्याला मखमलीची पेटी, मला बटाट्याचं पोतं. लग्नघरी वाहवा त्याची, आणि माझ्यावर दारूचे रिकामे पेले. शिवाय वाजवताना काका आपला बूट माझ्याच कडेला टेकवत. जणू मी पायपुसणं! मला वाजवणाऱ्या त्यांच्या बायकोला, वेरोनकाकूंनाही, कोणी विचारत नसे. त्या मला थोपटून म्हणत, "असू दे रे लाकडा. आपण आपलं ठोकत राहावं."

दर उन्हाळ्यात पोलंडमधल्या क्राकूफला नदीकाठी हंगेरियन कलांचा उत्सव भरतो. परमुलखात राहणारी आमची माणसं भरतकामाचे मंडप घालतात, मोठ्या कढयांत मांसाचा लाल रस्सा, गुलाश, शिजवतात आणि आम्हाला गावाहून बोलावतात. गेल्या वर्षी तिथल्या आयोजक पिरोश्काबाईंनी मला बघून नाक मुरडलं.

"काका, यंदा टीव्हीवाले येणारेत. हा ओंडका नको. बुडापेस्टचा चेलोवाला मिळालाय, चांगला शिकलेला."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "चालेल की. वेरोनलाही जरा विश्रांती."

"मी मागितली होती का विश्रांती?" काकू कडाडल्या. "वाजवा शहाण्यांबरोबर! मी चालले गुलाश ढवळायला." आणि माझी काठी त्यांनी नदीत भिरकावली.

मंचामागे पोत्यात पडून मी ऐकत होतो. चेलो गोड वाजत होता, लेकाचा. त्याच्या तारा तुटू देत म्हणून मी नवस बोललो. मग नाच सुरू झाला. आमच्या नाचाचा ठेका लंगडा, एक पाऊल लांब, एक आखूड. चेलोचे सूर नुसते लांबत गेले. नाचणारे एकमेकांच्या पायांवर पाय देऊ लागले. व्हायोलिन पुढे पळालं, अडखळलं आणि थांबलं.

मला कोण आनंद झाला! म्हटलं, बरी जिरली.

तेवढ्यात भर मंचावरून काकांनी हाक मारली, "वेरोन! अगं, मला ऐकू येत नाहीये!"

त्यांचे कान कधीचे मंदावले होते. माझा प्रत्येक ठोका बुटातून त्यांच्या अंगात शिरत होता, म्हणून निभत होतं. हे काकूंना माहीत नव्हतं, आणि काकांना स्वतःलाही त्या दिवशीच उमगलं असावं. मी मात्र इतकी वर्षं त्या बुटाचा राग धरून बसलो होतो.

काकू धावत आल्या. हातात गुलाशचा लाकडी डाव. मला पोत्यातून ओढून त्या बसल्या. "टेकवा बूट, म्हातारबुवा! घरी गेल्यावर तुमच्या कानांकडे बघते." डावाच्या दांड्याने पहिला ठोका पडला, माझ्या अंगावर लाल रस्सा उडाला आणि नाचणाऱ्यांची पावलं जुळली. टीव्हीवर मात्र व्हायोलिनच दिसलं. माझा जेमतेम एक कोपरा. पुन्हा जळफळाट!

या हिवाळ्यात काकांचे कान पुरते गेले. व्हायोलिन भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं गेलं. आता रोज संध्याकाळी काकू मला वाजवतात आणि काका माझ्या पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटतात. पेल्यांच्या जागी लोकरी शाल आली. चाळीस वर्षं मी हेच तर मागत होतो.

पण मित्रांनो, माझा ठोका पडला की भिंतीवर त्या व्हायोलिनच्या तारा आपोआप थरथरतात. काकांना ते ऐकू येत नाही, काकूंना माझ्या आवाजात ते कळत नाही. मला एकट्याला ऐकू येतं, आणि मग माझाच ठोका मला नकोसा होतो.

म्हणून हात जोडतो. तुमच्यापैकी कोणीतरी या. त्याला खाली काढा, धूळ पुसा, सैल तारा ताणा आणि वाजवायला शिका. ठेका मी धरतो. वाहवा पुन्हा त्याचीच होईल आणि मी पुन्हा जळेन.

जळू द्या मला.