खोडलेले वाक्य

आमच्या कारखान्यात अपघाताचा अहवाल इंग्रजीत आणि एकाच पानात बसवावा लागतो. ते बसवण्याचे काम प्रयोगशाळाप्रमुख म्हणून माझ्याकडे होते. नियम मीच घातला होता: इंग्रजी वाचणारा दोन वाक्यांमधली मोकळी जागा स्वतः भरतो, ‘तो’ म्हणजे कोण, कशामुळे काय झाले, हे मागच्या वाक्यावरून जोडून घेतो. जे त्याला जोडता येते, ते खोडावे.

टाकी धुणारा कामगार गुदमरून गेला, तेव्हा पाळीप्रमुखाच्या तीन पानांतून मी हे ठेवले: अकराला तो वर आला. मास्क काढून पाणी प्यायला. अकरा चाळीसला तो तळाशी मृत सापडला.

मधले एक वाक्य होते: मास्क पुन्हा चढवून तो खाली उतरला. तळाशी सापडलेला माणूस उतरला असणारच, म्हणून ते उडवले.

वर काढणाऱ्यांनी मास्क उतरवून बाजूला ठेवला होता; चौकशी समितीने फक्त माझे पान वाचून मोकळी जागा भरली. मास्क न लावता उतरला, दोष त्याचाच.

तीन आठवड्यांनी त्याची थोरली बहीण, पॅकिंग विभागातली, अहवालाची प्रत घेऊन आली. यात खोटे काय आहे ते दाखवा, म्हणाली. मी तीनदा वाचले आणि काहीच नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले.

“साहेब, तो आंघोळीला साबण विसरायचा. मास्क नाही विसरायचा.”

मी मूळ पाने काढली. शाईखालचे वाक्य वाचता येत होते. ते मी तिला वाचून दाखवले.

“हे कुणी खोडलं?”

“मी. ते उघडच होतं.”

“कुणाला?”

मास्क लावलेला असताना तो गुदमरला असेल, तर दोष मास्कचा होता. हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा सुचला. मी स्टोअरला फोन केला. तो मास्क वापरलाच नव्हता म्हणून तपासणीला पाठवला नाही, असे स्टोअरकीपरने सांगितले. धुऊन खुंटीला लावला होता.

“आज सकाळीच गेला की तीन नंबरच्या टाकीवर. का हो?”

मी धावलो, ती माझ्या मागोमाग आली. आम्ही पोचलो तेव्हा दोराने एकाला वर ओढून जमिनीवर निजवले होते. त्याची छाती हलत नव्हती. मास्क चेहऱ्यावर अगदी नियमाप्रमाणे बसलेला होता.

कुणीच पुढे होईना. पट्टे तिनेच सोडले. ते घट्ट होते.