कड्यावरचा कठडा

मिस्त्रींच्या कामाची एक रीत होती. दुकानाची जाळी असो, अंगणाचं फाटक असो की व्हरांड्याचा कठडा, बसवून झाला की ते त्याला पाठ लावून उभे राहायचे आणि सगळं अंग मागे टाकायचे. लोखंड कुरकुरलं नाही तर काम पास. "माझं वजन पेललं, म्हणजे कुणाचंही पेलेल," असं म्हणत पोटावरून हात फिरवायचे, आणि त्या पोटाकडे बघून गिऱ्हाइकाचीही खात्री पटायची.

अशी पाठ न लागलेलं मोठं काम एकच होतं, आणि ते नेमकं डोंगरावर, कड्याच्या टोकाला होतं. लोक दरी बघायला जिथे उभे राहतात, तिथला कठडा मिस्त्रींनीच बनवला होता. पण वर्कशॉपमध्ये. माप घ्यायच्या दिवशी त्यांना ताप आला आणि बसवायच्या दिवशी कंबर धरली. दोन्ही वेळा मेहुणा वर गेला. मिस्त्रींनी खालून फोनवर उंटावरून शेळ्या हाकल्या.

खरी गोष्ट अशी, की मिस्त्रींना स्टुलावरसुद्धा चढवत नसे. पायाखाली उंची आली की हाताला लागेल ते धरून डोळे मिटून घ्यायचे. लोखंड वाकवणाऱ्या माणसाने हे कुणाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते गप्प बसले. पण कुणी डोंगरावर जाऊन आल्याचं सांगितलं, की त्यांचा चहा कपातच निवायचा. तिथे लोक रेलत असतील. पोरंबाळं लोंबकळत असतील. आणि आपण त्याला पाठ लावलेली नाही.

"सगळं जग बघून आलं," बायको एक दिवस म्हणाली. "करणाऱ्याच्या घरातच तेवढं कुणी बघितलेलं नाही. रविवारी जायचं."

"माझी कंबर..."

"कंबर गाडीत बसून येईल."

रविवारी मेहुण्याने व्हॅन काढली. हा मेहुणा म्हणजे अंगाने काडी आणि कामाला घाई. तोंडही तसंच, सुरू झालं की थांबायचं नाव नाही. त्या दिवशी मात्र वाटभर गाणीसुद्धा नाहीत.

वर वारा शांत होता. सपाट जागा, बसायला बाकं, आणि पुढे हिरव्या रंगाचा कठडा. त्याच्या पलीकडे जमीन संपलेली. बायको सरळ चालत गेली, कठड्यावर कोपर टेकून उभी राहिली आणि "अगंबाई!" एवढंच म्हणाली. मिस्त्री सगळ्यात मागच्या बाकावर बसले आणि बुटाची नाडी बांधू लागले. नाडी बांधून झाली. मग सोडून पुन्हा बांधली.

तिसऱ्यांदा बांधताना त्यांनी वर पाहिलं. मेहुणा कठड्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन्ही हात पसरून उभा होता. मघापासून तिथेच. जो माणूस जेवायलासुद्धा एका जागी बसत नाही, तो तिथे खिळल्यासारखा?

"जरा सरक रे," मिस्त्रींनी बाकावरून हाक मारली.

"इथून छान दिसतंय, भाऊजी."

"सरक म्हणतो ना!"

चोराच्या मनात चांदणं. मेहुण्याने हात आणखी पसरले, आणि मिस्त्री उठलेच. नजर पाइपवर ठेवून ते तरातरा चालत गेले, मेहुण्याला खांद्याने बाजूला केलं आणि बघतात तर काय, वरच्या पाइपवर रंगाखाली ओबडधोबड जोड. त्यांच्या हातून असा जोड उभ्या जन्मात झाला नव्हता.

"हे काय आहे?"

"माप चुकलं होतं, भाऊजी," मेहुणा खाली बघत म्हणाला. "पाइप वीतभर कमी पडला. इथेच तुकडा जोडला. तुम्ही अंथरुणाला खिळलेले, म्हटलं कशाला सांगा..."

"वीतभर! आणि रेलून बघितलंस?"

"बघितलं की. पण माझं वजन ते काय!"

मिस्त्री संतापले होते. गुडघ्यावर बसून त्यांनी दोन गजांमधून डोकं बाहेर काढलं आणि जोड खालून पाहिला. अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. दिसायला ओंगळ, पण भरलेला होता. कुठे फट नव्हती. आता राहिली एकच परीक्षा. ते उठले, पाठ फिरवली आणि सवयीने सगळं अंग मागे टाकलं.

लोखंड गप्प राहिलं.

आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या पाठीमागे काही म्हणजे काही नाही. हात पाइपला चिकटले ते सुटेनात. समोर बायको उभी होती.

"अगं," ते म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"नवीन लग्न झालं होतं. गच्चीवरची टाकी धुवायची निघाली आणि तुमची कंबर धरली, तेव्हापासून. बल्ब कोण बदलतं घरात? माळ्यावरचे डबे कोण काढतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मनापासून कण्हायचात, मन मोडवेना." तिने त्यांच्या घट्ट मुठीवर हात ठेवला. "पण याने जोडाचं मला सांगितलं, तेव्हा म्हटलं आता पुरे. तुम्ही तिकडे झुरताय, हा इकडे. तुमची पाठ लागल्याशिवाय दोघांनाही चैन पडणार नव्हतं."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यावर ढकलावं, तर वाराही फारसा नव्हता. बायको शेजारी कठड्याला टेकली आणि त्यांनी न विचारताच खाली काय दिसतंय ते सांगू लागली: नदी, तिच्या काठची शेतं, त्यांवरून सरकणारी ढगाची सावली. मिस्त्री पाठ टेकून ऐकत राहिले. हळूहळू मूठ सैल झाली. एकदा त्यांनी मान किंचित वळवून नदीचा तुकडा पाहिला, आणि चटकन परत फिरवली.

"पास," ते शेवटी म्हणाले.

मेहुण्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "उद्या ग्राइंडर घेऊन येतो, भाऊजी. जोड घासून, रंग मारून जातो."

"तू एकटा नको. पुन्हा घाई करशील. मी पण येतो."

"आणि कंबर?" बायकोने विचारलं.

"धरली तर धरली," मिस्त्री म्हणाले. "इथेच टेकेन."