रंगुबाईची सवत

मी एक गाडी बोलतेय. दोन दारांची, दोन माणसांची, लाल रंगाची आणि जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नसलेली. मी रस्त्यात दिसले की तुम्ही मोबाइल काढता, माझ्याशेजारी उभे राहून फोटो घेता आणि घरी जाऊन सात माणसांची उंच गाडी बुक करता. तुमचा मला मनापासून राग आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

सध्या मी विट्याजवळच्या एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. शेजारी एक पांढरी एसयूव्ही असते. मी तिला म्हैस म्हणते. ती मला काही म्हणत नाही, कारण तिला काही म्हणायची गरजच पडत नाही.

जन्म माझा परदेशातला. त्याबद्दल फार बोलत नाही; इथं कुणाला खरं वाटत नाही. पहिला मालक कोइमतूरचा एक गिरणीवाला. त्यानं मला दोन वर्षं नुसतं पुसून ठेवलं, चालवलं कधी नाही. तिथंच नानासोंनी मला पाहिलं.

नानासोंचा कोइमतुरात गलाईचा धंदा होता. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या या कोरड्या भागातली कितीतरी माणसं या कामासाठी देशभर पांगली आहेत. नानासोंचे वडील मेंढरांमागं पार जतपर्यंत चालत जायचे. नानासो पंधराव्या वर्षी आगगाडीत बसले आणि पुढची चौतीस वर्षं भट्टीपुढं बसले. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी मला विकत घेतलं आणि त्याच आठवड्यात मला घेऊन गावाकडं निघाले. त्या रस्त्यावर ते गाणी म्हणत होते. सूर वाईट होता, पण मला चाललं.

जत्रेला गलाईवाले गावी येतात ते देवाला भेटायला कमी आणि एकमेकांच्या गाड्या बघायला जास्त. त्या वर्षी सगळ्यांनी मलाच पाहिलं. नानासोंचे लहानपणचे मित्र सयाजी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "लय भारी हाय गड्या. पर बाकीचं घर कुठं बसवायचं रं?" नानासो म्हणाले, घर यष्टीनं येईल. सयाजींनी तिथंच माझं नाव ठेवलं, रंगुबाईची सवत. गावभर तेच झालं.

रंगुबाई म्हणजे नानासोंची बायको. तिच्याबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. ती बसायची ती जोडव्यांनी माझा उंबरठा खरवडत, आणि दार असं आपटायची की काचा हलायच्या. पण दर पौर्णिमेला ती माझ्यात बसायची. औंधच्या यमाईला पौर्णिमेला जायचा त्यांचा नेम होता. कोइमतुरात असताना तो मोडला होता, मी आल्यावर धंदा थोरल्या भावाच्या मुलांवर सोपवून नानासो गावीच राहायला लागले आणि नेम पुन्हा सुरू झाला. गाव ते औंध तासाभराचा रस्ता आणि शेवटी डोंगरावरची वळणं. त्या वळणांवर नानासो मला मोकळं सोडायचे. शेजारी रंगुबाई दाराची मूठ घट्ट धरून बसायची. "बघ कशी खूश हाय," नानासो मला म्हणायचे. मला म्हणायचे, तिला नाही.

वळणं तीच राहिली, माणसं म्हातारी झाली. माणसाचं वय केसांत दिसतं असं तुम्हाला वाटतं. चूक आहे. ते माझ्यासारख्या गाडीतून उतरताना दिसतं. साठीला आल्यावर नानासो कुठंही पोहोचले की लगेच उतरायचे नाहीत. मोबाइल कानाला लावून, पलीकडं कुणी नसताना, "व्हय, व्हय, बघू की" करत बसायचे. आजूबाजूची माणसं पांगली की दोन्ही हात जमिनीला टेकवून, गुडघ्यांवर रांगत बाहेर पडायचे. मी हे कुणाला सांगितलं नाही. त्याचे आभार त्यांनी कधी मानले नाहीत.

पण गुडघे आधी गेले ते रंगुबाईचे. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खाली वाकून बसायचं नाही. म्हणजे माझ्यात बसायचं नाही. झालं, मुलाला उंच गाडीचं निमित्त मिळालं.

मुलगा विश्वजित. वय छत्तीस, पोट पन्नाशीतलं. मी आल्या दिवसापासून त्याला माझ्याबद्दल मनस्वी तिरस्कार, कारण आईवडलांबरोबर मी त्याला कधी बसवलंच नाही. तिसरी जागाच नव्हती. तो आणि नानासो साताऱ्याला एसयूव्ही बघायला गेले ते माझ्यातच बसून. मी शोरूमच्या काचेबाहेर उभी होते. दार उघडंच होतं, त्यामुळं सगळं ऐकू आलं. विक्रेत्यानं चावी नानासोंपुढं धरली आणि विचारलं, कोण चालवून बघणार? विश्वजितनं मधेच चावी घेतली.

"मीच चालवणार. अण्णा मागं बसतील. मागं लय ऐसपैस हाय."

त्याचे अण्णा, म्हणजे नानासो, मागं बसून एक फेरी मारून आले. विश्वजित बुकिंगचे कागद करायला थांबला आणि ते एकटेच माझ्यातून घरी परतले. वाटेत एकच वाक्य किमान दहा वेळा म्हणाले, "मागं बसायचं म्हणं." प्रत्येक वेळी माझ्या गिअरला हिसका बसला.

म्हैस घरी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पुढं रंगुबाई बसली, मागं सून अपेक्षा. मधल्या रांगेत एक जागा नानासोंसाठी रिकामी ठेवली होती. ते त्या जागेकडं बघत उभे राहिले आणि मग माझ्यात येऊन बसले.

तेव्हापासून दर पौर्णिमेला एका घरातून दोन गाड्या एकाच देवीला निघायला लागल्या. पुढं म्हैस, मागं मी. नवरा एका गाडीत, बायको दुसरीत. स्टँडवर सयाजी ओरडून विचारायचे, "नानासो, देव एक आन गाड्या दोन?" लोक हसायचे. नानासो काच वर करायचे. चार महिने हे चाललं. घरात बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. अपेक्षा दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायची.

माझ्याबद्दल म्हणाल तर मी खूश होते. शेजारची जागा रिकामी, दार आपटणारं कुणी नाही. माणूस पूर्णपणे माझा झाला होता.

माघातल्या पौर्णिमेला डोंगर चढताना म्हैस पुढं होती. विश्वजित मुद्दाम रस्त्याच्या मधोमध आणि मुद्दाम हळू चालवत होता. नानासोंनी हॉर्न दिला. तो बाजूला झाला नाही. पुन्हा दिला. तो आणखी हळू झाला. मग एका आंधळ्या वळणावर नानासोंनी मला उजवीकडं काढलं आणि पाय दाबला.

खरं सांगते, मला फार मजा आली. चार महिन्यांचा राग त्या एका दाबात होता, त्यांचाही आणि माझाही. वळणापलीकडून माणसांनी भरलेला टेंपो खाली येत होता. नानासोंनी मला म्हशीच्या नाकापुढून आत घातलं. टेंपो खरचटत गेला नाही इतकंच. मागं करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मी आरशात पाहिलं. म्हशीची डावी दोन चाकं डांबर सोडून कडेच्या खडीवर गेली होती, आणि त्या बाजूला दरीकडं तोंड करून रंगुबाई बसली होती.

नानासोंनीही आरशात पाहिलं. त्यांनी पाय उचलला आणि स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. माझी मजा तिथंच संपली.

वर पोहोचल्यावर ते बसून राहिले. मोबाइल काढला, पण कानाला लावायचं विसरले. म्हैस मागून आली. रंगुबाई उतरली आणि लंगडत माझ्यापाशी आली. तिला वाकता येईना, म्हणून ती उभ्यानं माझ्या टपाशीच बोलली.

"तेरा वर्सं बसले हिच्यात. एकदा तरी इचारलं का, तुला आवडती का म्हणून? वळण आलं की मी डोळं मिटून आईचं नाव घ्यायची."

आतून नानासोंचा आवाज आला. "मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं? तुमी एकटं आला असता."

 मग नानासो म्हणाले, मेलो तरी मागच्या शिटावर बसणार नाही. बाकी काही सांगू नको.

"मागं बसा म्हणून सांगितलं कुणी?" रंगुबाई म्हणाली आणि मुलाकडं वळली. "इश्वा, चावी दे."

विश्वजित भडकला. आत्ता यांनी आपल्या सगळ्यांना मारलं असतं, आणि तू यांनाच चावी देतेस, असं काहीसं म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"त्येंचं चुकलंच," रंगुबाई म्हणाली. "पर तू बी मुद्दाम वाट आडवलीस. मी म्होरं बसले हुते. मला डोळं हैत. तुझ्या बापाला गाडी न्हाई लागत, चाक लागतंय. दे."

त्यानं चावी दिली. मग ती नवऱ्याकडं पाठ करून डोंगराखालचं गाव बघत उभी राहिली, आणि तोपर्यंत नानासो दोन्ही हात जमिनीला टेकवून बाहेर आले. अपेक्षानंही तोंड फिरवलं होतं. एवढं मात्र मी त्या बायकांच्या खात्यावर जमा करते.

दर्शन झाल्यावर नानासो म्हशीत चढले. चढले म्हणजे नुसते बसले. त्यांना काहीच करावं लागलं नाही. शेजारी रंगुबाई, मागं अपेक्षा. डोंगर त्यांनी इतका हळू उतरला की मला शरम वाटली. विश्वजित माझ्यात बसला. त्याचे गुडघे चाकाला अडले, मी तीनदा बंद पडले, गावातल्या शाळेपुढच्या स्पीड ब्रेकरवर त्यानं मला सरळ घातलं आणि माझं पोट फाडलं. दोघांनीही एकमेकांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या.

त्या दिवसानंतर नानासोंनी मला चालवलं नाही. माझा समज होता की त्यांना माझी ओढ आहे, माझा आवाज, माझा वेग. त्या बाईनं "चाक लागतंय" या एका वाक्यात सगळं खाली आणलं. वाईट याचं वाटतं की ती बरोबर होती. परवाच ते सयाजींना सांगत होते, उंच गाडीतून उसाच्या पलीकडचं शिवार दिसतं म्हणून. तेरा वर्षं मी त्यांना फक्त पुढचा रस्ता दाखवला. मला मत्सर वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

आता रंगुबाई माझ्या बॉनेटवर जुनं लुगडं पसरते आणि त्यावर कुरडया वाळत घालते. वाकावं लागत नाही म्हणून तिला ही जागा सोयीची पडते. कोंबड्या येतात. मी काही करू शकत नाही.

गेल्या आठवड्यात लोणंदहून सुमंत नावाचे एक गृहस्थ मला बघायला आले. वय साठीच्या आसपास, केस काळे केलेले, बरोबर कुणी नाही. कुरडया बाजूला करून त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी ओळखला. कोइमतुरात एकदा नानासोंच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"एवढी चांगली गाडी का विकताय?" त्यांनी विचारलं.

"बायकोला आवडत न्हाई," नानासो म्हणाले.

सुमंत हसले. "हे कधी कळलं?"

"तेरा वर्सांनी."

सुमंतांनी कुरडया पुन्हा माझ्यावर नीट मांडल्या. येत्या रविवारी पुन्हा येतो, तेव्हा ठरवू, असं म्हणून गेले.

सुमंतराव, मी कुणापुढं हात जोडत नाही. तुमच्यावरही माझा राग आहेच. पण रविवारी येताना घरच्या बाईंना घेऊन या. त्यांना माझ्यात बसवा, एक चक्कर मारा आणि काय वाटलं ते विचारा. त्या "नको" म्हणाल्या तर भांडा, समजूत घाला, वाटेल ते करा. पण त्या जर म्हणाल्या, "तुम्हाला आवडली ना, मग झालं," तर मला हात लावू नका. आल्या वाटेनं परत जा.